जंतांवर प्रोजेक्ट करून काय मिळणार?

प्रश्न : सर, माझी मुलगी टीवाय बीएससीला आहे, झूऑलॉजी. प्रोजेक्टला तिने सूत्रकृमी घेतलेत, म्हणजे जंतच ना? सुट्टीच्या दिवशीपण कॉलेजात जाऊन प्लेटी बघत बसते. घरी सगळे म्हणतात माणसांच्या रोगावर काहीतरी घ्यायचं होतंस. आणि त्यातून इन्फेक्शन वगैरे नाही ना होणार? (एक आई, डिचोली)

उत्तर : ताई, आधी भीती काढून टाका. अशा प्रोजेक्टला सहसा घेतात तो सूत्रकृमी म्हणजे सी. एलिगन्स, जेमतेम १ मिलिमीटरचा कृमी, सडक्या फळापाल्यात बॅक्टेरिया खाऊन राहतो, माणसाच्या पोटात नाही. आणि रोगाचं म्हणाल तर पेशी स्वतःहून कशी मरते ते ठरवणारी जीन्स याच्यातच सापडली, तशीच माणसातही आहेत, कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांना ती पाठ असतात. २००२ चं नोबेल त्या कामाला होतं, २०२४ चं मायक्रोआरएनएचं, म्हणजे जीन्सना लगाम घालणाऱ्या छोट्या आरएनएचं, तेपण या कृमीमुळेच.

पण मी पोरांना हा कृमी देतो तो वेळेसाठी. अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंत साधारण साडेतीन दिवस, म्हणजे एका सेमिस्टरमध्ये क्रॉस, म्हणजे दोन वेगळ्या कृमींचा संकर, चुकला तरी परत करता येतो, आणि चुकतोच हो, प्लॅटिनमच्या तारेने कृमी उचलताना प्लेटमधलं जेलीसारखं आगर फाटतं, कृमी त्या फटीत घुसतात, की गेली मोजणी. आखूड जाड्या 'डंपी' कृमीचा साध्या नराशी क्रॉस केला की पहिली पिढी लांब, सडपातळ निघायला हवी, आणि तिच्या पिल्लांत चारात एक डंपी. हे सगळ्यांना बारावीपासून पाठ असतं. गेल्या वर्षी एका मुलीच्या पहिल्याच पिढीत डंपी निघाले, रडकुंडीला आली बिचारी. मी उत्तर सांगितलं नाही, मुद्दामच. दोन दिवसांनी धावत आली, म्हणाली सर, ती क्रॉसची पिल्लं नव्हेतच, आई उभयलिंगी आहे ना, तिने स्वतःच्याच शुक्राणूंनी घातलेली! एमएससीच्या इंटरव्ह्यूला मी बसलो तर मला असंच काहीतरी ऐकायचं असतं, मार्क नंतर बघू.

याच्या एका भावंडाचं, म्हणजे सी. ब्रिग्सी या जवळच्या जातीचं, जगभरच्या लॅबमध्ये असलेलं वाण आपल्या अहमदाबादहून गेलेलं आहे. तेव्हा काजूचा सीझन आला की झाडाखालचा सडलेला एखादा बोंडू डब्यात घालून मुलीकडे द्या, तिला म्हणावं प्लेटवर ठेव, कृमी बाहेर येतात का बघ, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीपण मायक्रोस्कोपला डोळा लावा.