सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओसाठी एकच दिवस आहे, तो कसा आखावा?

दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस सिंगापूर, त्यातला एक दिवस युनिव्हर्सल स्टुडिओ, बरोबर सहा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी ६८ वर्षांची आई. रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे देऊन मिळणारा एक्सप्रेस पास घ्यावा का आणि आईंना न्यावं की हॉटेलवरच राहू द्यावं, असं तुम्ही विचारलंय. आईंना न्या. मी सासूबाईंना घेऊन गेले आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पासचंही सांगते. पण त्याआधी एक काम घरीच उरकून टाका.

दोन्ही मुलांना अनवाणी भिंतीशी उभं करून टेपने उंची मोजा. तिथल्या प्रत्येक मोठ्या राइडला किमान उंचीची अट आहे. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५ सेंटिमीटर, रिव्हेंज ऑफ द ममीला १२२, जुरासिक पार्क रॅपिड्सला १०७, ट्रान्सफॉर्मर्सला १०२, पुस इन बूट्सला १०० आणि कॅनोपी फ्लायरला ९२. अंगावर बसणारा बार त्या मापानेच बेतलेला असतो, म्हणून दारातला माणूस एक सेंटिमीटरही सोडत नाही, आणि सोडूही नये. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचा मुलगा ११९ होता. महिनाभर आम्ही त्याला ममीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि रांगेच्या तोंडाशी काठीखाली उभा राहिल्यावर कळलं की आत जाता येणार नाही. तो इतका रडला की सकाळचा सगळ्यात मोलाचा अर्धा तास त्याला समजावण्यात गेला. चूक आम्हा आईवडिलांची होती. तुमची लेक सहा वर्षांची आहे म्हणजे ममी आणि बॅटलस्टार तिला बहुधा मिळणार नाहीत. ते तिला इथेच सांगा, आणि तिच्या राइड कोणत्या तेही इथेच तिला निवडू द्या.

आता तारीख. दिवाळीची तिथेही सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे तो दिवस आणि त्याला लागून येणारा शनिवार-रविवार टाळा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तिथल्या शाळांना मोठी सुट्टी लागते. त्या दोन्हींच्या मधला मंगळवार किंवा बुधवार मिळाला तर डोळे झाकून घ्या. शिवाय सप्टेंबरअखेरपासून हॅलोविनच्या रात्रींचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो, आणि त्या दिवशी पार्क दिवसाच्या लोकांसाठी लवकर बंद होतो. तिकीट तारखेचं असतं, म्हणून काढण्याआधी त्या तारखेची बंद होण्याची वेळ संकेतस्थळावर बघाच.

राहायला लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क भागात असाल तर जाणं फार सोपं आहे. मेट्रोची नॉर्थ ईस्ट लाइन पकडायची, गाडी न बदलता शेवटच्या हार्बरफ्रंट स्टेशनला उतरायचं. वर व्हिवोसिटी मॉल आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस सुटते, म्हणजे पार्क ज्या सेंटोसा बेटावर आहे तिथे जाणारी मोनोरेल. जाताना माणशी चार सिंगापूर डॉलर, परत येताना काही नाही. रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनला उतरा. मुलांना आधीच सांगून ठेवा की मेट्रोत खाणं तर नाहीच, पाण्याचा घोटसुद्धा चालत नाही. पार्क उघडण्याच्या पाऊण तास आधी पोहोचा, कारण बॅगा तपासण्यात वेळ जातो.

पार्क तसा आटोपशीर आहे, जेमतेम ४९ एकर, मधल्या तळ्याभोवती गोल फिरत जायचं. आत शिरल्यावर उजवीकडे न्यूयॉर्क, मग साय-फाय सिटी, इजिप्त, जुरासिकचं लॉस्ट वर्ल्ड, फार फार अवे, आणि डावीकडे २०२५ मध्ये उघडलेलं मिनियन लँड. तुम्ही उजवीकडून सुरुवात करा. पहिला तासच खरा आहे. फोटो, दुकानं, काही नाही, थेट ट्रान्सफॉर्मर्स. तिथून मुलगा आणि बाबा ममीला जातील, तेवढ्यात तुम्ही लेकीला घेऊन शेजारीच ट्रेझर हंटर्सच्या जुन्या जीपमध्ये बसा. तुम्हालाही ममी करायची असेल तर दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा. एक पालक मुलीपाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो आणि मग अदलाबदल होते, पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

जुरासिकच्या गोल तराफ्यात सगळे भिजतात. काही जण चिंब होतात. म्हणून ती राइड भर उन्हात, दुपारी बाराच्या सुमारास करा आणि मुलांचे कोरडे कपडे, मोजे बरोबर ठेवा. ओल्या बुटांत दिवस काढण्यापेक्षा सँडल बरी. कॅनोपी फ्लायरमध्ये एका वेळी थोडीच माणसं बसतात, रांग पुढे सरकता सरकत नाही. फलकावर चाळीस मिनिटांच्या वर वेळ दिसली तर मी ती सोडून देईन.

दुपारच्या वेळेबद्दल मात्र मनापासून सांगते, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक इथेच गाफील राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिंगापूरला दुपारनंतर गडगडाटी पाऊस ही रोजचीच गोष्ट म्हणा. वीज जवळ आली की उघड्यावरच्या सगळ्या राइड थांबवतात आणि सगळी गर्दी एकदम छपराखाली येते. म्हणून बाहेरच्या राइड दीड-दोनपर्यंत संपवायच्या आणि आतल्या राखून ठेवायच्या: श्रेकचा फोर-डी खेळ, सेसमी स्ट्रीटची स्पॅघेटी स्पेस चेस, मिनियन मेहेम. आभाळ भरून आलं की लगेच आत व्हा, पहिला थेंब पडायची वाट बघू नका. पाऊस तासाभरात ओसरतो, गारवा येतो, बरेच लोक कंटाळून परत गेलेले असतात. पुस इन बूट्स आम्ही अशाच वेळी केली, रांग नव्हतीच म्हटलं तरी चालेल.

एक्सप्रेस पासचं माझं मत असं. गर्दीच्या दिवशी त्याची किंमत मूळ तिकिटाच्या घरात जाते, आणि एका माणसासाठी तो मोठ्या राइडवर एकेकदाच चालतो. आईंना आणि लेकीला निम्म्या राइड करायच्याच नाहीत, मग त्यांच्यासाठी कशाला? मधला मंगळवार-बुधवार मिळाला तर कोणासाठीच घेऊ नका. शाळांच्या सुट्टीतच जावं लागलं तर फक्त बाबा आणि मुलासाठी घ्या.

आईंसाठी प्रवेशापाशीच चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. सासूबाई आधी नको म्हणाल्या, चारचौघांत खुर्चीत बसायचं त्यांना अवघडल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, आई, असू द्या, पिशव्या ठेवायला तरी होईल. अकरापर्यंत त्या स्वतःहून बसल्या. वॉटरवर्ल्डचा खेळ त्यांना सगळ्यात आवडला: पाण्यावरच्या मारामाऱ्या, आगीचे लोळ, समोर कोसळणारं विमान, आणि हे सगळं बसून बघायचं. पुढच्या ओळी भिजतात, मागे बसा. खेळाच्या वेळा सकाळीच बघून जेवणाची वेळ त्याप्रमाणे ठरवा. स्पेस चेससुद्धा संथ आहे, आईंना चालेल.

घरचा डबा आत नेता येत नाही, पाण्याची बाटली चालते, आणि नळाचं पाणी बिनधास्त प्या. आम्हाला इजिप्तच्या भागात भारतीय शाकाहारी जेवण मिळालं होतं. साडेअकरालाच जेवून घ्या, एक वाजता टेबल मिळणं कठीण. सकाळी निघण्याआधी सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये पोटभर डोसा-इडली खाऊन निघालात तर आणखी चांगलं.

टूरवाले याच दिवसात ओशनेरियम हे मत्स्यालय आणि विंग्ज ऑफ टाइम हा रात्रीचा पाण्या-दिव्यांचा खेळही बसवून देतात. आईंचे गुडघे आणि सहा वर्षांची लेक बरोबर असताना ते करू नका, दुसऱ्या दिवशी करा. फिरत्या पृथ्वीगोलापाशी फोटो काढायला तिकीट लागत नाही, तो दरवाजाबाहेरच आहे. सकाळी तिथे थांबू नका. संध्याकाळी बाहेर पडल्यावर, दिवे लागले की निवांत काढा.