वाचकांचे प्रश्न : डोंगरपाड्यावर उपग्रह इंटरनेट

प्रश्न : सुरगाणा तालुक्यातील आमच्या पाड्यावर मोबाइलची रेंज टिकत नाही. उपग्रह इंटरनेटचा प्लॅन निवडताना काय पाहावे?

उत्तर : जाहिरातीतील वेगाआधी उपग्रहाची उंची विचारावी. भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारे) उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असल्याने संदेश जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो आणि व्हिडिओ कॉलवर दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. सुमारे ५५० किलोमीटरवरील उपग्रहांत हा विलंब फारसा जाणवत नाही, मात्र त्यांच्या अँटेनाला बरेच मोकळे आकाश लागते, म्हणून ती झाडांआड बसवू नये. ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये किती जीबीनंतर वेग घटतो, हे लेखी घ्यावे. खरी मेख बहुधा तिथेच असते. मुसळधार पावसात जोडणी क्षीण होऊ शकते. भारतनेट या सरकारी ग्रामीण इंटरनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली असल्यास आधी तेथे चौकशी करावी.