पक्षी पाहायला कोणती दुर्बीण घ्यावी : २०×५० की ८×४२?

तुम्ही लिहिलंय की गाव गोंदिया जिल्ह्यात, घराजवळ मामा (माजी मालगुजारी) तलाव, बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. सारस आणि हिवाळ्यातली बदकं पाहायची आहेत, कधीमधी नागझिऱ्याच्या अभयारण्यात जाणं होतं, डोळ्यांना चष्मा आहे आणि दुकानदार २०×५० घ्या म्हणून मागे लागलाय. ती घेऊ नका. ८×४२ घ्या. मी भंडाऱ्याकडचा, असेच तलाव आणि बांध्या पाहत आलोय, म्हणून ठामपणे सांगतो.

पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात सगळे पहिल्या आकड्यावर भाळतात. पण दुर्बीण पक्ष्यासोबत तुमच्या हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं मोठी करते. वीस पटीची दुर्बीण हातात धरून तलावाच्या पलीकडे पाहिलं तर बदक एका जागी ठरतच नाही. तिला तिपाई (ट्रायपॉड) हवीच. शिवाय दिसणारा पट्टा चिंचोळा होतो. एक किलोमीटरवर ८×४२ मधून साधारण १२५ ते १४० मीटर रुंदीचा भाग दिसतो, २०×५० मधून जेमतेम ५०-६० मीटर. उडालेला थवा तेवढ्यात सापडेपर्यंत निघून जातो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती शहरातले सल्ले देणारे सांगत नाहीत. मार्चपासून सकाळी दहानंतर जमिनीवरून गरम हवेच्या झळा उठायला लागतात. मेअखेरच्या नवतपात तर धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, पळसाचं झाडही हलताना दिसतं. या झळासुद्धा दुर्बिणीतून मोठ्या होतात, आणि तिथं महागातली महाग दुर्बीणही काही करू शकत नाही. पट जितकी जास्त तितकं चित्र जास्त लिबलिबीत. म्हणून उन्हाळ्यात पाहायचं ते सकाळी लवकर, आणि सूर्य पाठीशी घेऊन. सूर्याकडे तोंड करून पाहिलं की सगळी बदकं नुसती काळी दिसतात.

सकाळ-संध्याकाळच पाहायचं म्हटलं की उजेडाचा हिशोब येतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिलिमीटर, मागच्या भिंगातून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याची ही रुंदी. २०×५० ची येते २.५, खिशात मावणाऱ्या १०×२५ चीही तेवढीच. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी. उन्हात ती बारीकच असते. त्यामुळे भर दुपारी फरक कळणार नाही, पण झुंजुमुंजू असताना किंवा नागझिऱ्यातल्या दाट सावलीत २.५ वाली दुर्बीण मंद पडते. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायची संधी मिळाली तर चांदण्यात ८×४२ चा खरा उपयोग कळेल.

चष्म्यासाठी खोक्यावर ‘आय रिलीफ’ पाहा. भिंगापासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चष्मा लावून फक्त मधला भाग दिसेल. उदाहरणार्थ निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ चित्राला छान आणि तुलनेनं स्वस्त, पण तिचं हे अंतर सुमारे १२ आहे आणि ती पाण्यापासून सुरक्षितही नाही. त्याच कंपनीच्या प्रोस्टाफ पी३ ८×४२ चं अंतर सुमारे २० आहे, ती हलकी आणि जलरोधक आहे. तुमच्यासाठी मी ही प्रोस्टाफच सुचवेन. चष्मा लावून पाहताना डोळ्यांकडचे रबरी कप आत फिरवून ठेवा. झूमवाल्या आणि लाल चकाकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणी बघूही नका.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, मागच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसेल. तो गोल हवा. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत. मग दूरच्या विजेच्या तारेकडे पाहा. तार दुहेरी दिसत असेल किंवा दोन मिनिटांत डोळे ताणल्यासारखे वाटत असतील तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण नको.

घरी आणल्यावर उजवीकडचं भिंग झाका, डाव्या डोळ्यानं मधलं चाक फिरवून स्पष्ट करा. मग डावीकडचं झाका आणि उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून स्पष्ट करा. हे एकदाच करायचं असतं, आणि बहुतेक लोक करतच नाहीत. जमलं की बोडीतल्या, म्हणजे छोट्या तळ्यातल्या, हळदीकुंकू बदकाकडे पाहा. नुसत्या डोळ्यांना मातकट दिसणाऱ्या त्या पक्ष्याच्या चोचीचं पिवळं टोक आणि बुडाशी असलेला लाल ठिपका दिसला की त्याचं नाव कुणाला विचारावं लागत नाही.

सारसाबद्दल एक कळकळीची विनंती. महाराष्ट्रात हे पक्षी आता मोजकेच उरलेत, आणि जे आहेत ते मुख्यत्वे तुमच्याच जिल्ह्यात. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत घरटं करतात. दुर्बीण आहे म्हणून लांबच्या धुऱ्यावरूनच पाहा. पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही फार जवळ आलात, मागे सरा.

राखण सोपी आहे. धूळ दुपट्ट्यानं पुसू नका, भिंगावरचा लेप खरवडतो. आधी हवा मारायच्या रबरी फुंकणीनं उडवा, मग मऊ कापड. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते. उन्हात उभ्या गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. मुलांच्या हाती देताना सूर्याकडे कधीही रोखायची नाही हे आधी सांगा, डोळा कायमचा जाऊ शकतो. ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत संपायच्या आत ती विजेच्या तारेची तपासणी नक्की करून घ्या.