मुंबईत छोटा व्यवसाय वाढवायला ब्लॉग, सोशल मीडिया आणि नेटवर्किंग मीटिंग यांपैकी कशाने खऱ्या ओळखी होतात?

प्रश्नकर्ते छोट्या ऑफिसांचं इंटिरियर करतात. ब्लॉग लिहावा, लिंक्डइन-इन्स्टाग्रामवर मेहनत घ्यावी की सकाळच्या नेटवर्किंग ग्रुपला पैसे भरावेत, असं त्यांनी विचारलंय. ‘तिन्ही करा’ म्हणणारी उत्तरं आधीच आलेली दिसतात. मी लिहिते आहे कारण हाच वाद आमच्या घरात जेवताना बरीच वर्षं चालू आहे आणि समोरच्या पार्टीला लेखी उत्तर द्यायची संधी मला आज मिळाली.

आमचा वॉटरप्रूफिंगचा धंदा, सासऱ्यांनी सुरू केलेला. गच्च्या, बाथरूम, पाण्याच्या टाक्या, बाहेरच्या भिंती. मिस्टर बँकेत आहेत, धंदा मी आणि धाकटे दीर बघतो. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय. भाऊजी बी.कॉम. आणि बोलण्यात असे की दगडाशीही ओळख काढतील.

भाऊजी अंधेरीच्या एका हॉटेलात सकाळी साडेसातला भरणाऱ्या रेफरल ग्रुपचे मेंबर आहेत. वर्षाची फी, नाश्त्याचे वेगळे. प्रत्येकाने उभं राहून मिनिटभर स्वतःच्या धंद्याबद्दल बोलायचं, दर आठवड्याला कुणाला तरी कुणाचं तरी नाव सुचवायचं, आणि एका धंद्याचा एकच माणूस ग्रुपात. ही ओळखींची भिशी आहे. आपला नंबर लागावा म्हणून सगळे काही ना काही टाकत राहतात, मग ते खरं असो वा नसो. कुणाच्या मावसबहिणीच्या बाथरूमची एक टाइल निघाली, हे आमच्याकडे ‘रेफरल’ म्हणून आलेलं आहे. भाऊजी गावी गेले की त्यांच्या जागी मी जायची. गच्चीच्या उताराबद्दल मी पोटतिडकीने बोलून खाली बसले की शेजारचा गृहस्थ विचारणार, ‘मॅडम, साइटवर सर येतात ना?’ आणि भाऊजींचा नंबर मागणार. ब्लॉग सुरू केला तो याच रागातून, हे इथे सांगून टाकते. तिथे निदान कुणी ‘सरांना बोलवा’ म्हणत नाही.

ब्लॉग मराठीत, कारण सोसायट्यांच्या ज्या कमिट्यांशी माझा संबंध येतो तिथे नोटिसा मराठीत लागतात आणि भांडणंही मराठीतच होतात. पहिले कितीतरी महिने वाचक म्हणजे माझी बहीण. ज्या लेखांवर मी घाम गाळला (कोबा कसा घालतात, रसायनांचे प्रकार, गच्चीच्या कडेला वाटा का मारायच्या) ते कुणी उघडलेही नाहीत. चाललं ते एक साधं पत्र. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्याच्या छताला ओल येते, तेव्हा सोसायटीने वरच्या सभासदाला पाठवायच्या पत्राचा मसुदा. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नियमावलीत, आहे की गच्ची किंवा बाहेरची भिंत गळली तर खर्च सोसायटीचा, फ्लॅटच्या आतलं गळलं तर सभासदाचा. भांडण होतं ते ‘आतलं’ कुठे संपतं यावर. म्हणून मसुद्यात मी चाचणीच लिहून टाकली होती: नहाणीची जाळी बंद करून पाणी साठवा, दोन्ही सभासदांच्या समक्ष, तारीख घाला, खालच्या छताचे फोटो काढा.

मग एकदा मुलुंडला टाकीचं काम बघायला गेले. लिफ्टची वाट बघताना नोटीस बोर्ड वाचत होते, आणि तिथे माझं पत्र. शब्दन् शब्द. ‘येथे फ्लॅट क्रमांक लिहा’ हा कंससुद्धा तसाच, सही-शिक्क्यासकट. वॉचमनला विचारलं, हे कोण लिहितं? म्हणाला, ‘मॅनेजर साहब. शुक्रवार को आते हैं.’

शुक्रवारी गेले. मीटर रूमच्या बाजूच्या खोलीत एक सत्तरीकडे झुकलेले काका वहीत मेंटेनन्सची बाकी उतरवत बसलेले. मुंबईकरांना हा माणूस माहीत असतो: निवृत्त झालेला, मुलुंड ते घाटकोपर आठ-दहा सोसायट्यांचे हिशेब लिहिणारा, बिलं काढणारा, इतिवृत्त लिहिणारा. चेअरमन बदलतात, सेक्रेटरी राजीनामे देतात, हा तिथेच. मी म्हटलं, काका, हे पत्र माझं आहे. ते जराही ओशाळले नाहीत. ‘मॅडम, चांगलं होतं म्हणून घेतलं. वाईट असतं तर मीच लिहिलं असतं.’ आणि चहा मागवला.

त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. अमक्या विंगला पोपडे धरलेत, रंगवाला म्हणतो नुसता रंग मारू, मारू का? टाकीला आतून काय लावायचं? मी सांगत गेले, आणि जे वारंवार विचारलं जायचं ते ब्लॉगवर टाकत गेले. काम? एकही नाही. भाऊजी म्हणायचे, ‘वहिनी, मोफत सल्ला केंद्राचं बिल कुणाच्या नावाने फाडू?’

मग घाटकोपरची एक सोसायटी आली. चार विंग, इमारत तिशी ओलांडलेली, म्हणजे महापालिका कायद्याच्या ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करणं भाग. ऑडिटमध्ये चारही गच्च्या नव्याने करायला सांगितलेलं. तीन कोटेशनं मागवली होती, त्यात आमचं मधलं. सर्वांत स्वस्त पार्टी दहा वर्षांची गॅरंटी लेटरहेडवर लिहून द्यायला तयार होती. (या धंद्यात गॅरंटीचा कागद फुकट मिळतो. कंपनीच सापडत नाही पाच वर्षांनी, कुणाला दाखवणार?) काकांनी काय केलं, तर विशेष सर्वसाधारण सभेच्या कागदांच्या फायलीला माझा पाँडिंग टेस्टवरचा लेख छापून लावला. काम झालं की पावसाच्या पाइपांची तोंडं बंद करायची, गच्चीवर तीन-चार इंच पाणी दोन-तीन दिवस उभं ठेवायचं आणि खालची छतं बघायची. चार इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलो वजन, तेव्हा जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं, हेही त्यात होतं. सभेत दोन सभासदांनी तो वाचलेला. त्यांनी तिन्ही कंत्राटदारांना एकच प्रश्न केला: पाणी भरून दाखवणार का, आणि गळलं तर कुणाच्या खर्चाने? स्वस्तवाला गॅरंटीचा कागदच परत परत पुढे करत राहिला. काम आम्हाला मिळालं.

आता नीट बघा. काकांनी माझं नाव सुचवलं नव्हतं. सुचवूच शकत नव्हते. मॅनेजरने एका कंत्राटदाराचं नाव घेतलं की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी उठून म्हणणार, याला यात किती मिळाले? आणि आमच्या धंद्यात तो प्रश्न वावगाही नाही, कट चालतो, सगळ्यांना माहीत आहे. पण लेख फाइलला लावायला कोण हरकत घेणार? माझ्या मते ब्लॉगचा खरा वाचक हा असा माणूस: ज्याला तुमच्याबद्दल चार शब्द टाकायचेत, पण स्वतःच्या तोंडाने टाकता येत नाहीत. तुम्ही गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून लिहायला बसलात तर जाहिरात लिहाल, आणि जाहिरात कुणी सभेच्या फायलीला लावत नाही.

आणि काम मिळणं हा निम्माच भाग. आमच्याकडे पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवतात. तोवर कमिटी बदलली. नवे खजिनदार म्हणाले, आम्हाला यातलं काही माहीत नाही. काकांनी फाइल काढली, पाणी भरलेल्या गच्चीचे फोटो, जुन्या कमिटीच्या सह्या, ठरावाचा क्रमांक समोर ठेवला आणि महिन्याच्या आत चेक निघाला. भाऊजींच्या ग्रुपातून आलेल्या एका मोठ्या पार्टीकडे आमचे पैसे अजून अडकलेत. नाव घेत नाही. ग्रुपात विषय काढायचा नाही, वातावरण बिघडतं म्हणे.

ग्रुपबद्दल माझा मोठा आक्षेप ‘एका धंद्याचा एकच’ या नियमावर आहे. नियम ऐकायला छान, स्पर्धा नको. पण माझी निम्मीअधिक कामं इतर वॉटरप्रूफिंगवाल्यांकडूनच येतात. वसईच्या माणसाला दादरचं बाथरूम परवडत नाही, तो माझ्याकडे पाठवतो. मला परांची कमी पडली की भांडुपच्या एकाकडून येते. कोणता बिल्डर शेवटचं बिल बुडवतो, हे तर फक्त प्रतिस्पर्धीच सांगू शकतो. ही मंडळी कुठे भेटली? वॉटरप्रूफिंगच्या रसायनांच्या कंपन्या अॅप्लिकेटर लोकांसाठी, म्हणजे ती लावणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी, हॉटेलात जे मेळावे घेतात तिथे. प्रवेश फुकट, जेवण बरं, आणि हॉल भरून आपल्याच धंद्यातले. दोघे-तिघे आपणहून येऊन म्हणाले, ‘तुम्ही त्या पाँडिंगवाल्या मॅडम ना?’ माझे लेख ते कोटेशनबरोबर जोडतात, नाव काढून. काढू देत.

सोशल मीडियाबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट करून दिवाळीच्या शुभेच्छा पाठवत असाल तर लक्षात ठेवा, तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणजे ओळख आधीच झालेली हवी. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद पडलं, टिकटॉकवर जून २०२० मध्ये रातोरात बंदी आली. तिथे दुकान मांडलेल्यांचे ग्राहक त्याबरोबर गेले. म्हणून लेख स्वतःच्या डोमेनवर ठेवा आणि बाकी ठिकाणी त्याची लिंक टाका. लिंक्डइनवर ‘आज अमुक साहेबांशी उत्तम भेट झाली’ छापाचे फोटो टाकणाऱ्यांकडून मला आजवर काही विकत घ्यावंसं वाटलेलं नाही. माझं मत आहे, सोडून द्या.

तुमच्यासाठी सांगायचं तर आधी तुमचे ‘मॅनेजर काका’ शोधा. ऑफिसांच्या इमारतीत तो माणूस म्हणजे फॅसिलिटी मॅनेजर. भाडेकरू आत येण्याआधी त्यालाच भेटतो, आणि त्यालाही कुणाचं नाव उघड घेता येत नाही. त्याला रोज तेच प्रश्न पडतात: मालाची लिफ्ट किती वाजता द्यायची, डेब्रिज कुठून उतरवायचं, तोडफोड रात्रीच का, स्प्रिंकलर हलवायचा तर आधी कुणाला विचारायचं, डिपॉझिट कशासाठी कापतात. यावर एक असं पान लिहा की नव्या भाडेकरूला ते जसंच्या तसं पाठवून त्याचा त्रास वाचेल. खाली तुमचा नंबर लहान अक्षरांत. ‘२०२५ चे दहा ट्रेंड’ लिहू नका, ते तुमच्याआधी शंभर जणांनी लिहिलेत.

आता थोडी कबुली समोरच्या बाजूची, नाहीतर घरी जेवण मिळायचं नाही. तुमचा धंदा फोटोत चांगला दिसतो, माझा दिसत नाही. ओल्या भिंतीला कोण लाइक करणार? तेव्हा इन्स्टाग्रामचं माझं मत तुम्ही मनावर घेऊ नका. ब्लॉगला वेळ लागतो, तोवर घर चालवायला दुसरी कामं हवीत. आमची चालत होती ती सासऱ्यांच्या जुन्या ओळखींवर, हे मी मघाशी सांगितलं नाही. आमचे सीए भाऊजींच्या ग्रुपातलेच आणि माणूस उत्तम आहे. शिवाय काकांच्या मुलीच्या लग्नात दिवसभर पंगतीत वाढायला भाऊजी उभे होते. मी अक्षतांना पोचले आणि स्लॅबचा फोन आला म्हणून निघाले. काका आजही आधी त्यांची चौकशी करतात, मग माझी.

तरीही फीबद्दल मी ठाम आहे. भाऊजींचं म्हणणं, ग्रुप सोडला तर आपली जागा दुसरा वॉटरप्रूफिंगवाला घेईल. मी म्हणते घेऊ दे, त्याला न झेपणारी कामं तो माझ्याकडेच पाठवेल. फी भरायची मुदत पुढच्या महिन्यात आहे आणि चेकबुक सध्या माझ्या कपाटात आहे.