रकूनदादा आणि डेर्सू

प्रिय चिऊ,

परवा रात्री मागच्या दारी खुडबुड झाली, कचऱ्याच्या हिरव्या डब्याचं झाकण धाडकन पडलं, तोंडावर काळा पट्टा असलेला तो प्राणी दिसला आणि मी म्हणालो, "आले बघ रकूनदादा!" तेव्हा तू विचारलंस, "बाबा, तो आपला दादा कसा? मांजर मावशी, चिमणी ताई, चांदोबा मामा... मराठीत सगळेच नातेवाईक का?" मी "झोप आता" म्हणालो खरा, पण मलाच झोप लागेना. म्हणून हे पत्र. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

तुझ्या प्रश्नाने मला डेर्सू उझाला आठवला. तो मराठी नव्हता. रशियाच्या पार पूर्वेला, उसुरी नदीच्या खोऱ्यात आणि सिखोटे-अलिन डोंगरात राहणारा नानाई जमातीचा शिकारी. बायको-मुलं देवीच्या साथीत गेलेली, घर नाही, जंगल हेच घर. व्लादिमीर अर्सेन्येव नावाचा रशियन लष्करी अधिकारी नकाशे काढायला त्या जंगलात फिरत होता. १९०६ आणि १९०७ च्या मोहिमांत डेर्सू त्याचा वाटाड्या होता, आणि पुढे जिवाभावाचा मित्र झाला. त्या दिवसांबद्दल अर्सेन्येवने जे लिहून ठेवलंय, त्यातलंच तुला सांगतो.

पहिल्या भेटीची रात्र. शेकोटीभोवती बसलेल्या शिपायांना अंधारात चाहूल लागली. त्यांना वाटलं अस्वल. बंदुका उचलल्या तोच आवाज आला, "गोळी नको! मी माणूस!" पुढे काही दिवसांतच अर्सेन्येवच्या लक्षात आलं की 'माणूस' हा शब्द डेर्सू सगळ्यांनाच लावतो. शेकोटीत एखादं लाकूड तडतडलं की ते वाईट माणूस. रानडुकरंही माणसंच, फक्त अंगातला सदरा वेगळा. आणि सगळ्यांत मोठा माणूस कोण? सूर्य.

एकदा अर्सेन्येवने मांसाचा तुकडा विस्तवात टाकला. डेर्सूने तो झटकन बाहेर ओढला आणि रागावलाच. आपण उद्या जाणार, मग इथे दुसरी माणसं येतील, ती काय खातील? अर्सेन्येव म्हणाला, या निर्जन रानात कोण माणसं येणार? डेर्सूला आश्चर्य वाटलं. कोण म्हणजे? रकून येईल, बिज्जू येईल, कावळा येईल. कावळा नसेल तर उंदीर, उंदीर नसेल तर मुंगी. (तिथला रकून हा खरं तर कुत्र्याच्या कुळातला, पण तोंडावर काळा पट्टा अगदी आपल्या डब्यावरच्या पाहुण्यासारखाच.)

ती मुंगी वाचली आणि मला माझे आजोबा दिसले. जेवायला बसताना ते ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि चार शितं ताटाबाहेर ठेवायचे. तिला चित्राहुती म्हणतात. मी पाच वर्षांचा असेन, पाटाशेजारी पालथा पडून बघत बसायचो. मुंग्यांची रांग यायची आणि एकेक शीत डोलत डोलत भिंतीकडे जायचं. आजोबा म्हणायचे, "त्यांचं जेवण होऊ दे, मग पाट उचल."

आता वाघ. डेर्सू त्याला 'अंबा' म्हणायचा. एकदा अंबा पाठलाग करत जवळ आला तेव्हा डेर्सू त्याच्याशी बोलू लागला: रागावू नकोस, ही जागा तुझी, आम्हाला ठाऊक नव्हतं, आम्ही दुसरीकडे जातो, रान मोठं आहे. आपण 'वाघोबा' म्हणतो ते याहून वेगळं नाही गं. तो 'बा' म्हणजे बाप. विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा, तुकोबा यांच्या नावातला मान आपल्या लोकांनी वाघाला, नागाला, एवढंच काय कोल्ह्यालाही दिला. यात भीती आहेच. पण भीती वाटली तरी नातं तोडलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

त्याच भागातल्या खांका नावाच्या तळ्याकाठी गोठवणाऱ्या वाऱ्यात दोघं अडकले तेव्हा डेर्सूने अर्सेन्येवला गवत कापायला लावलं, त्याच गवतात त्याला गुंडाळून रात्र काढली आणि जीव वाचवला. सकाळी अर्सेन्येवने आभार मानले तर डेर्सू म्हणाला, आपण बरोबर चालतो, बरोबर काम करतो, आभार कशाला? तुझी आजी 'थँक्यू' म्हटलं की हिरमुसते, ते याचसाठी.

पुढची गोष्ट दुःखाची आहे, पण तुझ्यापासून लपवत नाही. डेर्सूची नजर अधू झाली. शिकारी माणूस, करणार काय? अर्सेन्येवने त्याला खाबारोव्स्क शहरात स्वतःच्या घरी नेलं. तिथे पाणी विकत घेतात हे पाहून तो हबकला. बागेतलं झाड जळणासाठी तोडलं म्हणून पोलिसांनी पकडलं. शेवटी तो रानाकडे परत निघाला आणि १९०८ मध्ये शहराबाहेर, शेकोटीपाशी झोपेत असताना, कोणीतरी त्याला मारलं. अर्सेन्येवने त्याला तिथेच पुरलं. काही काळाने तो परत गेला तेव्हा खुणेची मोठी झाडं तोडली गेली होती, नवे रस्ते झाले होते, जागा सापडली नाही. माझ्या मनाला हेच लागतं: रस्ते आणि वस्त्या येतात त्या नकाशांच्या मागून, आणि नकाशे काढणारा तर त्याचा मित्रच.

तर रकून आपला दादा कसा? डेर्सू म्हणाला असता तसा: सदरा वेगळा, एवढंच. डब्याला कडी मात्र आपण लावूच. इथलं अन्न खाऊन तो आजारी पडू नये.

सुट्टीत आजीकडे गेलो की तुला जव्हारच्या बाजूला नेईन. तिथे वारली पाड्यांवर वाघोबा असतो, लाकडात किंवा दगडात कोरलेला. त्याच्यावर सूर्य आणि चंद्रही कोरतात. कुठे आहेत ते मी सांगणार नाही, तूच शोध.

तुझा,
बाबा