समुद्रतळाचे बटाटे

प्रश्न : ताई, हिंदी महासागराच्या तळाशी निकेल-कोबाल्टचे बटाट्याएवढे गोळे पसरलेत आणि भारत ते काढणार, असं वाचलं. पाच किलोमीटर खाली मिट्ट काळोख आणि चिखल. तिथे बिघडण्यासारखं आहे तरी काय? आणि तुमच्याकडे एखादा गोळा असला तर सांगा, मुलीला दाखवायचाय.
– एक वाचक, देवगड

उत्तर : आधी चिखलाचं सांगते, कारण जहाजावर मी तोच चाळत बसायचे. वर रणरणतं ऊन, डेकचं लोखंड तापलेलं, आणि खालून आलेल्या पेटीतला चिखल बर्फासारखा गार. बोटं बधिर व्हायची. चाळणीत उरायचे ते केसाएवढे कृमी, तेही भिंगाखाली धरले तर. पहिल्या सफरीत मलाही वाटलं होतं, इथे आहेच कोण!

‘गवेषणी’ जहाजाने आपले पहिले गोळे वर काढले ते २६ जानेवारी १९८१ ला. आज भारताकडे त्यांच्यासाठी ७५ हजार चौरस किलोमीटरचा टापू राखलेला आहे. खाणकाम अजून सुरू नाही.

तुम्ही देवगडचे. कालवं खडकाला धरतात, वाळूला नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? तिथे खाली सगळा मऊ गाळ, कठीण जागा बहुतेक या गोळ्यांचीच. स्पंज त्यांवर रुजतात. पेरूच्या समुद्रात तर एक फिकट ऑक्टोपस दिसला, गोळ्यावरच्या मेलेल्या स्पंजाच्या देठाला अंडी चिकटवून राखण करत बसलेला. गोळा उचलला की त्याचं बाळंतघरच गेलं. नवा गोळा? दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. काहींच्या पोटात शार्कचा दात निघतो, त्याच्याभोवती थर चढलेले.

त्याच पेरूच्या समुद्रात खाणकामाने काय होईल ते पाहायला जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मुद्दाम तळ नांगरला. २०१५ ला परत जाऊन पाहिलं, तर नांगराच्या सऱ्या तशाच दिसत होत्या. आपणही १९९७ मध्ये हिंदी महासागराचा तळ ढवळून पाहिलाय. उडालेला गाळ पाण्यात तरंगत लांब जातो आणि पाणी गाळून जगणाऱ्या जिवांच्या अंगावर बसतो. या निकेल-कोबाल्टमधून किती बॅटऱ्या होतील, हा हिशेब रोज छापून येतो, या गाळाचा क्वचितच.

गोळा माझ्याकडे नाही हो. सगळे वजन करून, नोंदून संग्रहात जायचे. प्रदर्शनात कुठे दिसला तर लेकीला जरूर हातात घेऊ द्या. बोटं काळी होतात, फ्रॉक तेवढा सांभाळा.