कयाक काठाला लागल्यावर का कलंडते?

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी आणि मी दोघांच्या सिट-ऑन-टॉप कयाकमधून (वरच उघड्यावर बसायची अरुंद होडी) तलावात वल्हवत होतो. पाण्यात असताना काहीच झालं नाही. पुढचं टोक काठाला टेकलं, मुलगी उठली आणि कयाक कलंडली. मी उजवा हात टेकून पडलो. नडगी दगडावर आपटून दोनेक इंच कापली. रक्त लगेच थांबलं. आज दोन दिवस झाले. मनगटाला सूज फारशी नाही, पण बाटलीचं झाकण फिरवताना कळ येते. डॉक्टरांकडे जावं का? आणि शांत पाण्यात, तेही काठाला लागल्यावर, कयाक कलंडावीच का?

उत्तर : जा, आणि आधी मनगट दाखवा. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा दिसतो. तिथे बोटाने दाबून पाहा. दुखत असेल तर स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पसरलेल्या तळव्यावर पडल्यावर नेमकं हेच हाड सापडतं. सूज कमी असते, हात चालतो, म्हणून लोक मुरगळलंय समजून सोडून देतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि पुढे मनगट कायमचं दुखू लागतं. पहिल्या एक्स-रेमध्ये ही चीर अनेकदा दिसत नाही. म्हणून खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ आला तरी पट्टा बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. ती दुसरी फेरी चुकवू नका.

नडगीची जखम तलावाच्या पाण्यात झाली आहे, म्हणून ती मळकीच धरायची. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर आता घ्या. दोन दिवस उशीर झाला म्हणून टाळू नका. अशी जखम झाल्या झाल्या पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली पाच-दहा मिनिटं धुवावी. कडेला चिकटलेली वाळू, शेवाळ निघेपर्यंत धार चालू ठेवावी, कारण आत राहिलेला कणच पुढे पू करतो. दोन दिवसांनंतर सहसा टाके घालत नाहीत, पण कडा उघड्या असतील तर डॉक्टरांना दाखवा. नडगीवर कातडी पातळ असते, तिथली जखम भरायला वेळ लागतो. लाली पसरत चालली, भोवती गरम लागू लागलं, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर इतकीही वाट पाहू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप येऊन पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर तलावात उतरल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या संसर्गाची) शंका त्यावरूनच येते.

आता कयाकबद्दल. ती स्थिर राहते ती पाण्याने तळाला सगळीकडून उचलून धरल्यामुळे आणि तुमचं वजन खाली बसकणीत असल्यामुळे. पुढचं टोक वाळूवर चढलं की तिथे पाण्याचा आधार जातो. कयाक पुढे तळाच्या अरुंद कण्यावर टेकते, मागचा भाग तरंगत राहतो. त्याच क्षणी पुढचा माणूस उभा राहिला की वजन वर जातं आणि तो ज्या बाजूला पाय टाकेल तिकडे ती कलंडते. मागे बसलेल्याला सावरायला वेळच मिळत नाही. थोडक्यात, टोक किनाऱ्यावर चढवून उतरायची सवयच मोडायला हवी.

पाणी शांत असेल तर गुडघाभर पाण्यातच थांबा आणि कयाक काठाला समांतर लावा. मागच्याने वल्ह्याचं पातं तळाला टेकवून आधार घ्यावा. पुढच्याने दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून काठावर बसतात तसं बसावं, तळवे पुरते टेकले की पुढे झुकून उठावं. तो उभा राहून कयाक धरेपर्यंत मागच्याने हलायचं नाही. पायात टाच धरणारे बंद बूट हवेत. चप्पल चिखलात अडकते आणि माणूस तोल जाऊन पडतो. लाटा असतील तर समुद्राच्या बाजूला उतरा, कारण किनारा आणि कयाक यांच्यामध्ये सापडलात तर पुढची लाट ती तुमच्या गुडघ्यांवर आणून आपटते. तोल गेलाच तर हात टेकू नका, कुशीवर पाण्यात पडा. वल्हं दोन्ही हातांनी धरून ठेवलं तर ही सवय लवकर लागते. मुलं काठ दिसताच उठतात, म्हणून “थांब” आणि “उतर” हे दोन शब्द निघण्याआधीच ठरवा.

प्रश्न : खोल पाण्यात कयाक उलटली. चौदा वर्षांचा मुलगा लगेच वर चढला, मला मात्र जमेना. त्याने दंड धरून ओढलं, तेव्हापासून खांदा आखडलाय. पुन्हा असं झालं तर काय करावं?

उत्तर : त्याला ओढायला सांगू नका. तुम्ही उभ्या तरंगत असता तेव्हा पाय कयाकखाली जातात, सगळा भार एका खांद्यावर येतो आणि तोही पुन्हा पाण्यात पडू शकतो. त्याने पाण्यातच, पलीकडच्या बाजूला राहून कड धरावी. त्याचं वजन तोलाला पुरतं. तुम्ही मधोमध दोन्ही हातांनी कयाकवरचे पट्टे धरा आणि पाय मागे पृष्ठभागावर येईपर्यंत जोरात मारा. शरीर आडवं झालं की लाथ मारत पोट कयाकवर सरकवा, मग वळून बसा, पाय शेवटी आत घ्या. लाइफ जॅकेट सैल असेल तर वर सरकून आड येतं, म्हणून निघताना खांद्याशी धरून वर खेचून पाहा. हनुवटीपर्यंत येत असेल तर पट्टे आवळा. हा सराव दोघांनी आधी छातीभर पाण्यात करावा.

खांद्यासाठी पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. हात बाजूने खांद्याच्या रेषेपर्यंत उचलता येत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा खांद्याचा आकार बदललेला दिसत असेल, तर तो कुणाकडूनही ओढून बसवून घेऊ नका. झोळीत बांधा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.